शस्त्रक्रियेनंतरची ऊब
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढे लालबागच्या चाळीत संसार. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "घरात घडले तेच सांगा," म्हणून उभी राहिले.

गेल्या वर्षी माझ्या गिरगावच्या भाचीने पोटावरची चरबी काढून घेतली. या शस्त्रक्रियेला लायपोसक्शन म्हणतात. ती करावी की न करावी यावर घरी पुष्कळ वाद झाला. तो आज उकरीत नाही. सांगायचे आहे ते थंडीविषयी.

भाचीला खाटेवर आणले तेव्हा तिचे दात कडकड वाजत होते. मे महिना, बाहेर घामाच्या धारा, आणि पोरीला ही हुडहुडी! माझी बहीण घाबरली. आपल्याकडे बाळंतिणीला शेक देतात, तेच तिला आठवले. तिने गरम पाण्याची रबरी पिशवी भरून आणली आणि पोटावर ठेवणार, तोच परिचारिकेने हात धरला. "ताई, पोट बधिर आहे. कातडी भाजली तरी तिला कळणार नाही!" आम्हां दोघींच्या काळजात धस्स झाले.

मग भाचीला गरम हवेचे पांघरूण घातले, तेव्हा कुठे ती शांत झाली.

पुढे डॉक्टरांनी समजावले. चरबी ओढण्याआधी त्या जागी सलाईनचे पाणी भरतात. त्यात बधिर करणारे आणि रक्तस्राव कमी करणारे औषध असते. अमेरिकेतील डॉ. जेफ्री क्लाइन यांनी ही रीत १९८७ साली प्रसिद्ध केली. हे पाणी कधी कधी कित्येक लिटर लागते. अंग ३७ अंशांचे आणि पाणी गार. शिवाय खोली थंड, आणि भूल दिलेले शरीर स्वतःची ऊब राखू शकत नाही. अंग ३६ अंशांखाली गेले की हुडहुडी भरते, रक्त लवकर गोठत नाही, भूल उतरायला उशीर होतो, जखम पिकण्याची भीती वाढते.

१९९६ साली आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांना ऊबदार ठेवले त्यांच्यापैकी शेकडा ६ जणांच्या जखमा पिकल्या. ज्यांना तसे ठेवले नाही त्यांच्यापैकी शेकडा १९ जणांच्या. शस्त्रक्रिया वेगळी, पण शरीराचा धर्म तोच. म्हणून पुष्कळ ठिकाणी पाणी आधीच अंगाइतके कोमट करून भरतात. भाचीच्या वेळी तसे केले नव्हते, हे मागाहून कळले. विचारायचे असते, हेच आम्हांला ठाऊक नव्हते!

भगिनींनो, के.ई.एम., वाडिया, टाटा ही रुग्णालये आपल्या परळातच आहेत. आज ना उद्या कोणाच्या तरी उशाशी बसायची पाळी येतेच. तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी न लाजता विचारा: पाणी कोमट करणार का? रोग्याला ऊबदार कसे ठेवणार? हुडहुडी भरली तर लगेच परिचारिकेला हाक मारा. चादर, घोंगडी घाला. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेक देऊ नका. चरबी काढलेली जागा घरी आल्यावरही काही आठवडे बधिर राहते.

भाची आता बरी आहे. ती रबरी पिशवी मात्र बहिणीने माळ्यावर टाकली आहे.