चढाईपटूची कारकीर्द

कबड्डीतला व्यावसायिक चढाईपटू विशीत नावारूपाला येतो आणि तिशीच्या आसपास संघाबाहेर पडू लागतो. ऐन भराची वर्षे त्याहूनही थोडी असतात. कारकीर्द आखूड असायचीच. ती संपल्यावर माणूस कोठे टेकतो हे त्याच्या नोकरीवर ठरते, आणि कबड्डीचा विचार तेथूनच सुरू व्हायला हवा.

हुतूतूची कबड्डी कशी झाली, संघटक बुवा साळवींनी तिच्यासाठी किती पायपीट केली, हे मुंबईच्या गिरणगावात, लालबागमध्ये, सांगायला नको. कारकीर्द आखूड करणारे गुडघे का जातात एवढेच पाहू. मध्यरेषेपासून निदान रेषा 3.75 मीटरवर, तिच्यापुढे 1 मीटरवर बोनस रेषा. बोनस गुण घेताना एक पाय रेषेपलीकडे आणि दुसरा हवेत लागतो. म्हणजे त्या क्षणी सगळा भार एकाच पायावर, आणि कोपरारक्षक नेमका तोच घोटा धरतो. शिवाय मागून बचावपटूंची साखळी येऊन आदळते.

मातीवर हा पाय थोडा सरकत असे. मंडळाची पोरे खडे वेचत, पाणी मारत, रोलर फिरवत, फक्कीने रेषा आखत. अनवाणी गडी पडला तर कोपर सोलवटून उठे, रात्री हळद लावली की दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात. चाळीच्या गॅलऱ्या भरलेल्या असत आणि चढाईला वरून सूचना येत. मॅटवर बूट घट्ट रुततो. पाऊल जागेवर राहते आणि पीळ गुडघ्याला बसतो. कोणी म्हणेल, मातीवरही गुडघे जात होतेच. जात होते, हे मान्यच आहे. मॅटमुळे खेळ वेगवान झाला आणि पावसाळ्यातही बंद छताखाली खेळता येऊ लागला. तक्रार मॅटबद्दल नाही. गुडघा गेल्यावर घर कोण चालवतो, हा प्रश्न आहे.

गिरणगावात त्याचे उत्तर होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि हा भाग कायमचा बदलला. तो इतिहास येथे घराघरात आहे. त्या संपानंतरही रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, एअर इंडिया, महिंद्र, देना बँक यांचे संघ होते. खेळाडू म्हणून लागलेला गडी खेळ सुटल्यावर त्याच आस्थापनेत टेबलावर बसे. चढाईची दहा वर्षे आणि नोकरीची तीस, असा तो हिशेब.

पुढे नोकरीच्या जोडीला लिलाव आला. 26 जुलै 2014 रोजी वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये यू मुम्बा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्या सामन्याने प्रो कबड्डी ही व्यावसायिक लीग सुरू झाली. पुढच्याच वर्षी यू मुम्बाने विजेतेपद मिळवले. त्या संघातला मुंबईकर रिशांक देवाडिगा 2017 मध्ये यूपी योद्धाकडून एका सामन्यात 28 गुण घेऊन गेला आणि जानेवारी 2018 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले.

लिलावावर चालणारी एकच कारकीर्द पाहू. चंदगड तालुक्यातला चढाईपटू सिद्धार्थ देसाई 2018 च्या लिलावात यू मुम्बाने 36.4 लाखांना घेतला. पहिल्याच हंगामात त्याने चढायांत दोनशेहून अधिक गुण केले. 2019 मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1.45 कोटी मोजले आणि त्याने पुन्हा दोनशे ओलांडले. डिसेंबर 2021 मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या आठव्या हंगामात तीन सामन्यांनंतर दुखापतीने तो बाहेर गेला आणि पुढच्या लिलावात किंमत घसरली. दहाव्या हंगामात हरियाणा स्टीलर्सने त्याला 1 कोटी दिले आणि तो संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. चढ, उतार आणि पुन्हा चढ, हे सारे पाच वर्षांत.

सिद्धार्थला कोटीची बोली लागली. पहिल्या दुखापतीनंतर ज्यांच्यावर बोलीच लागत नाही, अशा पोरांसाठी जुन्या नोकऱ्या पूर्वीइतक्या उरल्या नाहीत. देना बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. एअर इंडिया जानेवारी 2022 मध्ये टाटांकडे गेली. महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत 2005 पासून खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. त्या सर्व खेळांत मिळून वाटल्या जातात.