पाऊस तेवढा आपला
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



दिल्लीकरांच्या तोंडी ‘पहाड’ म्हणजे सिमला नाहीतर मसुरी. आपल्यापैकी पुष्कळांचा पहाडाशी संबंध पहाडगंजातील बृहन्महाराष्ट्र भवनापुरताच! मी त्या मानाने भाग्यवान. वडिलांच्या बदलीमुळे १९६४ पासून पाच वर्षे आम्ही महाबळेश्वरास राहिलो.

आपण पाहिलेले महाबळेश्वर बहुधा मे महिन्यातील असेल. विल्सन पॉइंटवरचा सूर्योदय, वेण्णा तलावातील नौकाविहार. मला आठवते ते जूननंतरचे. पाहुण्यांची शेवटची मोटार पसरणीचा घाट उतरली की बाजार ओस पडे आणि घरांना गवताच्या तट्ट्या बांधण्याची घाई उडे. दिल्लीत वर्षाकाठी ७००-८०० मिलिमीटर पाऊस पडतो; तेथे ५,००० मिलिमीटरहून अधिक, तोही बहुतेक सारा चार महिन्यांत. दिवसचे दिवस सूर्यदर्शन नसे. दार उघडताच धुके स्वयंपाकघरापर्यंत येई. मिठाला पाणी सुटे, पुस्तकांना बुरशी धरे, आगपेटी आई चुलीजवळच्या कोनाड्यात जपून ठेवी. शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर आमचे कपडे वाळवीत. वर्गात सर्वांच्या अंगाला धुराचा एकच वास! या दिवसांचा आईला फार जाच होत असावा, अशी माझी पक्की समजूत होती.

१९८१ साली मी नोकरीनिमित्त दिल्लीस आलो. पुढे आईही आली. येथे लू वाहू लागली की ती म्हणे, “एकदा महाबळेश्वरी जाऊन येऊ या.” मी म्हणे, “पाऊस ओसरू दे.” आणि ऑक्टोबरात मी विषय काढला की ती म्हणे, “आता राहू दे.” म्हातारपणाचा लहरीपणा, दुसरे काय, असे मी मानले.

२००८ च्या अखेरच्या आजारपणात ती सहज बोलून गेली, “सीझनमध्ये नातेवाइकांची रीघ. माझे दोन्ही महिने चुलीपुढे जात. पाऊस तेवढा आपला होता रे. तुझे वडील घरी, दार लावलेले, कोणी येणार नाही.”

सत्तावीस वर्षे मी तिला नेमके नको ते महिने देऊ केले होते.

पुढील जुलैत मी एकटाच गेलो. आमच्या घराच्या जागी हॉटेल उभे होते. तेथेच उतरलो. नोकराने ओशाळून सांगितले, “साहेब, चुकीच्या दिवसांत आलात. काहीच दिसायचं नाही.” मी त्याला खिडकी उघडी ठेवावयास सांगितले.