पोटगीचा हिशेब



वर्धापनदिनाच्या आनंदात पोटगीचा विषय कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु गेल्या हळदीकुंकवाला दोघीजणींनी मला बाजूला घेऊन हाच प्रश्न विचारला, म्हणून बोलण्याचे धाडस करते. मी वकील नव्हे. मुलाला एकटीने वाढविणारी, तुमच्याच शेजारची बाई आहे.

मुलाची पोटगी किती ठरते? फौजदारी कायद्यात 1955 पासून कमाल मर्यादा पाचशे रुपये होती. ती 2001 साली उठली. आज ठरावीक आकडा नाही. वडिलांचे उत्पन्न, त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसे, आईची मिळकत आणि मुलाच्या गरजा पाहून न्यायालय रक्कम ठरविते. नागपूरच्या एका प्रकरणात लहान मुलाला प्रथम दरमहा 5,000 आणि सप्टेंबर 2015 पासून 10,000 रुपये अंतरिम पोटगी ठरली. तेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालाने दोन्ही पक्षांनी आपली मिळकत व देणी प्रतिज्ञापत्रावर सांगावयाची, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावयाची, असे ठरले.

तेव्हा भगिनींनो, आजपासून एक वही घाला. शाळेची फी, दूध, औषधे, घरभाडे, सारे लिहा आणि पावत्या जपून ठेवा. नवरा परगावी असला, तरी आपण राहतो तेथील न्यायालयात अर्ज करता येतो. वकिलाच्या फीची धास्ती नको. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना व मुलांना मिळकतीची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यासाठी आपल्याला ठाण्याचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

हुकूम झाला म्हणजे पैसा हाती आला असे मात्र नाही. येथे माझीच चूक सांगते. काही महिने पैसे आले, मग थांबले. आज देतील, उद्या देतील, पुन्हा कोर्टाची पायरी कशाला, अशा संकोचाने मी दीड वर्ष गप्प बसले. अखेर अर्ज केला, तेव्हा कळले की रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तरच वसुलीचे वॉरंट निघते. पहिल्या सहा महिन्यांचे पैसे हातचे गेले. मुलाची वर्षाची फी त्यात भागली असती!

हा नियम पूर्वीच्या कलम 125 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम 144 मध्येही आहे. वॉरंटानंतरही रक्कम न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली तरी देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच सांगितले आहे.

पैसा मुलाचा आहे. आपण त्याच्या वतीने मागतो, मग लाज आपल्याला का वाटावी? दर महिन्याच्या सभेनंतर मी अर्धा तास थांबेन. ज्यांना वही मांडावयाची असेल त्यांनी निःसंकोच यावे. येताना हुकुमाची प्रत तेवढी आणावी; शेवटचा हप्ता कधी आला, ते आपण प्रथम पाहू.