पावसाळ्याआधीची बॅटरी



मे महिना आहे. मुंबई-पुण्याची चाकरमानी मंडळी गावी आली आहेत आणि अलीकडे त्यांच्या सामानात एक नवी वस्तू दिसते, रिमोटवर उडणारं मॉडेल विमान. ऊन उतरलं की मुलं ते घेऊन सड्यावर जातात. कोकणातला सडा या छंदाला फार मानवतो. नजर पोचेल तिथवर मोकळा कातळ, वर तारा नाहीत, आडवी येणारी झाडं कमी. एकच विनंती आधी करतो. आपल्या जिल्ह्यातल्या काही सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. विमान उतरवायला जागा शोधताना पायाखाली बघा, आणि जिथे कातळावर रेघा कोरलेल्या दिसतील तिथे गाडी तर नेऊच नका.

आजचा विषय विमानाच्या बॅटरीचा आहे. तो मी मुद्दाम मे महिन्यात मांडतोय, कारण अजून तीन आठवड्यांत पाऊस लागेल आणि ही सगळी विमानं दसऱ्यापर्यंत माळ्यावर जातील. बॅटरी हवेत असते सात-आठ मिनिटं. बाकी सगळा काळ ती तुमच्या घरात असते आणि तिचं आयुष्य तिथेच ठरतं. लोक विमान निवडताना महिनाभर चौकशी करतात, मोटर कुठली, सर्वो कुठले, सगळं विचारतात. जूनमध्ये बॅटरी कशी ठेवायची हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. मग ऑक्टोबरात तीन पॅकपैकी दोन फुगलेले निघतात आणि दोष कंपनीला जातो.

थोडा इतिहास सांगतो, म्हणजे आजच्या बॅटरीची किंमत कळेल. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ नावाचं मॉडेल विजेच्या मोटरवर, रेडिओच्या नियंत्रणाखाली उडवलं. त्यासाठी त्यांना चांदी आणि जस्ताची बॅटरी वापरावी लागली, कारण तेवढी हलकी दुसरी बॅटरीच नव्हती. ती सामान्य माणसाच्या आवाक्यातली नव्हती. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं हा छंद इंजिनावरच चालला. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेत जे एरोमॉडेलिंग शिकले, त्यांना मिथेनॉल आणि एरंडेलाच्या इंधनाचा तो वास अजून आठवत असेल. तेव्हा बॅटरी असायची ती फक्त रिसीव्हरला आणि ट्रान्समीटरला, निकेल-कॅडमियमची, प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा. चार सेल जोडले की ४.८ व्होल्टचा रिसीव्हर पॅक. विमान उडवण्याइतकी ताकद त्यात होती, पण वजन झेपत नव्हतं. एका किलोत जेमतेम ४० ते ६० वॉट-तास.

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि चित्र पालटलं. ज्यांच्या संशोधनावर ती उभी राहिली त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिचीच पातळ पाकिटातली बहीण म्हणजे लिथियम-पॉलिमर, आपली ‘लायपो’. किलोला दीडशे वॉट-तासांच्या आसपास, आणि मागितला तेवढा करंट एका झटक्यात देण्याची तयारी. घरात इंजिनाचा धूर, तेल काही नको. आज शाळकरी पोर सड्यावर विमान उडवतं ते या पाकिटामुळे. मुंबईच्या आयआयटीतून निघालेल्या तरुणांनी २००७ मध्ये ‘आयडियाफोर्ज’ सुरू केली, आज ती आपल्या सैन्यदलांना ड्रोन पुरवते. इथे देवरूखजवळ आंबवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणारी मुलं बसली असतील, तर त्यांनी ध्यानात घ्यावं की या छंदातलं बॅटरीचं ज्ञान पुढे पोटापाण्याचं होऊ शकतं.

आता निवड. पॅकवर तीन आकडे छापलेले असतात. समजा ३एस, २२०० एमएएच, २५सी. तीन एस म्हणजे एकामागोमाग जोडलेले तीन सेल, प्रत्येकी ३.७ म्हणजे मिळून ११.१ व्होल्ट. २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअरने काढली तर तासभर पुरेल एवढी साठवण. आणि सी हा आकडा ती साठवण किती वेगाने बाहेर येऊ शकते ते सांगतो. २.२ गुणिले २५, म्हणजे ५५ अँपिअर. बागेत टाकी हजार लिटरची बांधली आणि पाइप अर्ध्या इंचाचा जोडला, तर शेवटच्या माडापर्यंत पाणी जोराने जात नाही. सी म्हणजे तो पाइप. पण लेबलावरच्या सी आकड्यावर निम्माच विश्वास ठेवावा, असं माझं मत आहे. तो आकडा तपासणारं कोणी नाही.

हिशोब करून बघू. शिकाऊ विमान, वजन साधारण एक किलो. अशा विमानाला किलोमागे दोनशे वॉट भरपूर होतात. दोनशेला ११.१ ने भागलं की अठरा अँपिअर. तुमचा पॅक लेबलानुसार ५५ देतो, निम्मा धरला तरी सत्तावीस. म्हणजे पुरेसा आहे, जास्त सी साठी पैसे घालवायची गरज नाही. आता वेळ. पॅक पूर्ण रिकामा करायचा नसतो, ८० टक्केच वापरायचा. २२०० चे ८० टक्के १७६०. उडताना सरासरी बारा अँपिअर जात असतील तर पावणेनऊ मिनिटं मिळतात. ट्रान्समीटरचा टायमर सात मिनिटांवर लावा. उरलेली मिनिटं चुकलेल्या लँडिंगसाठी, मध्येच आलेल्या गुरांसाठी, अंगावर आलेल्या घारीसाठी.

मग कोणी म्हणतो, चार हजारचा पॅक घालू, दुप्पट वेळ उडेल. उडणार नाही. २२०० चा पॅक १८० ग्रॅमच्या आसपास असतो, चार हजारचा सव्वातीनशेच्या पुढे. एक किलोच्या विमानात दीडशे ग्रॅम वाढले की त्याला तरंगायला जास्त वेग लागतो, उतरतानाही वेग जास्त राहतो, आणि जांभ्यावर वेगाने टेकलेलं फोमचं पोट किसणीवर घासल्यासारखं निघतं. शिवाय बॅटरी ही विमानातली सगळ्यात जड वस्तू, तिच्या जागेवर गुरुत्वमध्य ठरतो. मोठा पॅक एवढ्याशा नाकात मागे सरकवायला जागा नसते. दोन लहान पॅक घ्या, आलटूनपालटून उडवा.

छापील आकड्यांबद्दल आणखी एक सांगतो. बाजारात ‘१८६५०’ नावाचे गोल सेल मिळतात, त्यांवर ९९०० एमएएच छापलेलं असतं. या मापाच्या खऱ्या सेलची साठवण साडेतीन हजारांच्या आसपास संपते. ९९०० हा सरळसरळ खोटा आकडा आहे. चांगल्या कंपनीचे असे सेल संथ, लांब तरंगणाऱ्या ग्लायडरला उत्तम, पण भरभर करंट मागणाऱ्या विमानाला सहसा नकोत. आणि ज्यांच्याकडे अजून इंजिनाचं विमान आहे, त्यांनी रिसीव्हरसाठी निकेल-मेटल हायड्राइडचे कमी गळतीचे सेल घ्यावेत. २००५ मध्ये सान्योने ‘एनेलूप’ काढून ही जात रुळवली. रिसीव्हरची बॅटरी गेली तर इंजिन चालूच राहतं आणि विमान तुमचं ऐकत नाही. तिथे शंभर रुपये वाचवू नयेत.

चार्जिंगकडे येतो. चार्जरला पॅकच्या दोन वायरी जातात, जाड मुख्य वायर आणि बारीक चार तारांची पांढरी बॅलन्स वायर. बरेच जण घाईत फक्त जाड जोडतात. तीन सेल कधीच तंतोतंत सारखे नसतात. पडद्यावर बघा, पहिला ४.१८, दुसरा ४.२०, तिसरा ४.०९ दिसेल. बेरीज ठीक वाटते. बॅलन्स वायर नसेल तर चार्जरला बेरीजच कळते, म्हणून तो १२.६ पर्यंत भरतच राहतो, आणि त्या नादात दुसरा सेल ४.२ ची मर्यादा ओलांडून जातो. तिथून पुढे आतला द्रव फुटून वायू होतो, पाकीट फुगतं, आणि फारच पुढे गेलं तर पेट घेतं. बॅलन्स वायर लावली की चार्जर पुढे गेलेल्या सेलला थोपवून मागच्याला सोबत आणतो.

करंट १सी ठेवा, २२०० च्या पॅकला २.२ अँपिअर. आधी तो करंट स्थिर राहतो आणि व्होल्टेज चढतं. सेल ४.२ ला पोचले की व्होल्टेज स्थिर आणि करंट उतरत जातो, दहाव्या हिश्शाच्या आसपास आला की काम झालं. शेवटचे दहा टक्के भरायला वेळ लागतो तो यामुळे. चार्जर बिघडलेला नसतो.

सगळ्यात धोक्याची जागा चार्जरचा मेनू आहे. निकेलच्या सेलची पद्धत वेगळी, तो भरला की त्याचं व्होल्टेज किंचित खाली येतं आणि चार्जर त्या उताराची वाट बघून थांबतो. लायपोचं व्होल्टेज असं कधी उतरत नाही. म्हणून लायपोला निकेलच्या खुणेवर लावलं, तर चार्जर न येणाऱ्या उताराची वाट बघत भरतच राहतो. बटण दाबण्याआधी पडद्यावर ‘लायपो’ आणि ‘३एस’ ही दोन्ही अक्षरं मोठ्याने वाचा. लहान मुलांना ही सवय फार चटकन लागते.

जागा कुठली? फरशीवर किंवा जांभ्याच्या ओट्यावर. गादीवर नाही, पडद्याखाली नाही, लाकडी माळ्यावर तर नाहीच. कोरड्या रेतीची बादली जवळ ठेवा. लायपो पेटली तर रेतीने ज्वाळा आणि ठिणग्या रोखल्या जातात, आतली आग थांबेलच असं नाही, कारण तिला प्राणवायू आतल्या रसायनातूनच मिळतो. धूर विषारी असतो. मेन स्विच बंद करायचा, माणसं बाहेर काढायची. आणि चार्जिंग चालू असताना घर सोडून बाजारात जायचं नाही. उडवून आणलेला पॅक हाताला गरम लागत असेल तर आधी निवू द्या. मे महिन्यात काचा लावून उन्हात उभ्या गाडीत पॅक ठेवू नका.

लाईट जाते हा आपल्याकडचा कायमचा प्रश्न. मध्येच लाईट गेल्याने पॅकचं नुकसान होत नाही. आल्यावर चार्जर आपोआप सुरू झाला असं मात्र समजू नका, जाऊन बघा. सड्यावर गाडीच्या १२ व्होल्टवर चार्जर चालतो. २२०० चा पॅक साधारण २४ वॉट-तासांचा, चार्जरची घट धरून तीस. गाडीची बॅटरी चाळीस अँपिअर-तासांची असेल तर तिच्यात सुमारे ४८० वॉट-तास. पाच पॅक भरले की जवळजवळ तिसरा हिस्सा गेला, आणि संध्याकाळी सड्यावरून गाडी ढकलायला माणसं मिळत नाहीत. दोन पॅकांवर थांबा.

आता पावसाळा, ज्यासाठी मी खरं म्हणजे आलो. मे अखेरीचं शेवटचं उड्डाण ठरलेलं असतं. आदल्या रात्री सगळे पॅक भरून ठेवतात, सकाळी पहिली सर येते, बेत मोडतो, आणि भरलेले पॅक तसेच ऑक्टोबरपर्यंत पडून राहतात. भरलेल्या सेलमधला द्रव हळूहळू विघटित होत राहतो, उकाड्यात अधिक वेगाने. उलट टोकही तेवढंच वाईट. पॅक विमानात जोडलेलाच राहिला, तर रिसीव्हर आणि स्पीड कंट्रोल थेंबथेंब वीज पीत राहतात, सेल तीन व्होल्टच्या खाली, मग दोनच्या खाली जातो, आतलं तांबं विरघळायला लागतं. असा सेल पुन्हा भरला तर आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. त्याला जिवंत करायचे उपाय कोणी सांगितले तरी करू नका.

मधली जागा सुरक्षित, सेलला ३.८ ते ३.८५ व्होल्ट. तीन सेलचा पॅक असेल तर ११.४ ते ११.५५. बहुतेक चार्जरमध्ये ‘स्टोरेज’ म्हणून वेगळा पर्याय असतो, तो भरलेला पॅक तिथवर उतरवतो आणि रिकामा तिथवर चढवतो. संथ काम आहे, भरलेला पॅक उतरायला तास-दोन तासही लागतात. एका शनिवारी सगळे करून टाका. मग कनेक्टरवर टोपी किंवा इन्सुलेशन टेप, कारण इथल्या दमट हवेत पितळ काळवंडतं. सुटे पॅक, एकमेकांना न खेटता, सैल झाकणाच्या डब्यात. घट्ट कडीचा पत्र्याचा डबा नको, आत काही झालं तर वायूला वाट हवी. फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला कोरड्या प्रदेशातला आहे. आपल्याकडे बाहेर काढताक्षणी त्यावर पाणी धरतं. गणपतीत घरी आलात की एकदा व्होल्टेज बघा, कुठला सेल इतरांपेक्षा ०.१ ने खाली घसरला असेल तर त्या पॅकवर खूण करा.

फुगलेला पॅक कसा ओळखायचा? बाहेरचं प्लॅस्टिक ताणून चमकतं, कडा गोल होतात, अंगठ्याने हलकं दाबलं तर उशीसारखं लागतं. नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला तर पाकीट फुटलेलं आहे, घराबाहेर न्या. टोचून वायू काढायचा नाही. असे पॅक भंगारात देऊ नका, तिथे ते चिरडले जातात. शास्त्री नदीत तर अजिबात नको. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. गावात तशी सोय नसेल तर टोकं टेपने बंद करून पॅक बाजूला ठेवा आणि शहरातल्या अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.

मी टेबलावर सेल तपासायचा छोटा चेकर ठेवला आहे. ज्यांनी पॅक आणले आहेत त्यांनी एकेक करून यावं, प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघून कागदावर लिहून देतो. फुगलेला पॅक असेल तर आत आणू नका, मला सांगा, मी बाहेर अंगणात येतो.