बक्षीसपत्र देण्यापूर्वी, दिल्यानंतर

घर मुलाच्या नावावर केलं आणि वर्षभरात त्याच घरातलं ताट आईला परकं झालं, अशी हकिकत आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. अशा आईवडिलांसाठी 2007 चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आहे.

त्यातलं कलम 23 नीट समजून घ्या. साठी ओलांडलेल्या व्यक्तीनं, ‘माझा सांभाळ कराल’ या अटीवर बक्षीसपत्रानं मालमत्ता दिली आणि तो सांभाळ झाला नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. सगळी मेख आहे ती त्या अटीत. आपल्याकडे दस्तात ‘प्रेमापोटी’ एवढंच लिहितात. पोटच्या पोराला अट कशी घालायची, असा संकोच असतो. पण अट नव्हती म्हणून 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका आईची बाजू टिकली नाही. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या दुसऱ्या एका आईला मात्र त्याच न्यायालयानं मालमत्ता परत मिळवून दिली. मुलानं सांभाळाची हमी दिल्याचा कागद तिच्यापाशी होता. म्हणून सांगते, संकोच सोडा, सांभाळाची अट दस्तातच लिहून घ्या.

दाद मागायची ती प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणात. अर्ज स्वतःला करता येत नसेल, तर विश्वासातल्या माणसाला किंवा संस्थेला अधिकार देता येतो. दरमहा निर्वाहभत्त्याची मागणीही तिथेच करता येते. चौकशीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, 14567.