लहान कार्यालयासाठी दुहेरी जोडणीचा राउटर : निवड कशी करावी?

(सहकारी पतसंस्थांचे चिटणीस व शाखा व्यवस्थापक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळी कार्यालयात इंटरनेट असणे ही अपूर्वाईची गोष्ट होती आणि ते बंद पडले तरी दैनंदिन कामकाज अडत नसे. आज परिस्थिती नेमकी उलट झाली आहे. सभासदांच्या खात्यांच्या नोंदी मुख्य कार्यालयातील संगणकावर असतात. रकमा एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जाळ्यावरूनच जातात. जीएसटीचे मासिक विवरणपत्र २० तारखेच्या आत भरावयाचे असते. अशा वेळी जोडणी तुटली म्हणजे पेरणीच्या तोंडावर कर्जाची रक्कम घ्यावयास आलेला शेतकरी खिडकीपुढे ताटकळत राहतो आणि शेवटची एसटी चुकेल या धास्तीने रिकाम्या हाताने परततो. संस्थेवरील विश्वासाला तडा जातो तो अशा प्रसंगी.

यावर उपाय म्हणून दोन जोडण्या घेणारा आणि शाखांना सुरक्षितपणे जोडणारा राउटर अनेक संस्था विकत घेऊ लागल्या आहेत. ही खरेदी फार मोठ्या रकमेची नसते. तथापि चुकीची निवड केली तर रक्कम खर्ची पडूनही अडचण कायम राहते. यास्तव खरेदीपूर्वी कोणते प्रश्न विचारावेत, याचा विचार आज आपण करू.

दोन कामे, एक यंत्र

या राउटरची कामे दोन. पहिले काम असे की, दोन वेगळ्या सेवादारांच्या जोडण्या त्याला लावता येतात व एक बंद पडल्यास तो दुसरीवरून काम चालू ठेवतो. दुसरे काम व्हीपीएनचे, म्हणजे आभासी खाजगी जाळ्याचे. सार्वजनिक इंटरनेटवरून जाणारा मजकूर तो कूटरूपात बदलून पाठवितो व पलीकडचा राउटर त्याचे मूळ रूप परत आणतो. टपालाच्या उघड्या कार्डाऐवजी मोहोरबंद पाकीट पाठवावे, असाच हा प्रकार आहे. वाटेत ते कोणाच्याही हाती पडले तरी आतील मजकूर वाचता येत नाही. मात्र पाकीट भरणाऱ्या संगणकातच दोष शिरला असेल, तर मोहोर काय करणार? म्हणून व्हीपीएन हे संपूर्ण सुरक्षिततेचे हमीपत्र नव्हे, हे प्रथमच ध्यानात घेतले पाहिजे.

दोन जोडण्या खरोखर वेगळ्या हव्यात

राउटर निवडण्यापूर्वी जोडण्या निवडाव्या लागतात. दोन कंपन्यांची दोन देयके येतात म्हणून दोन मार्ग वेगळे आहेत, असे समजणे धोक्याचे आहे. पुष्कळदा दोन्ही कंपन्यांच्या तारा एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून आलेल्या असतात. रस्त्याच्या कामावरील जेसीबी त्या दोन्ही एकाच फटक्यात तोडतो. मार्च २०२३ मध्ये केंद्र शासनाने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले, तेव्हा देशात वर्षाकाठी सुमारे १० लाख ठिकाणी प्रकाशतंतू तारा तुटतात आणि त्यामुळे सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे सांगण्यात आले होते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा विजेचे खांब कोसळले आणि दूरध्वनी सेवाही कोलमडली. ज्या कारणाने एक जोडणी जाते, त्याच कारणाने दुसरीही जाणार असेल, तर दुसरीचा उपयोग काय?

यासाठी एक जोडणी प्रकाशतंतूची आणि दुसरी मोबाइल मनोऱ्यावरून येणारी फोर-जी वा फाइव्ह-जीची, अशी जोडी सामान्यतः उपयुक्त ठरते. दोन्ही तारांच्याच घ्यावयाच्या असल्यास त्या इमारतीत कोणत्या बाजूने व कोणत्या खांबावरून येतात, हे स्वतः पाहून घ्यावे. सिमकार्डावर चालणारी जोडणी घ्यावयाची असेल, तर राउटरमध्ये सिमची सोय आहे की त्यासाठी वेगळे उपकरण लागेल, हेही आधीच विचारावे.

वेग दुप्पट होतो का?

विक्रेते पुष्कळदा सांगतात की, १०० एमबीपीएसच्या दोन जोडण्या लावल्या की २०० एमबीपीएस मिळतात. हे अर्धसत्य आहे. भारविभागणीच्या पद्धतीत राउटर एकेक व्यवहार एकेका जोडणीवर पाठवितो. दहा कर्मचारी दहा कामे करीत असतील तर एकूण लाभ होतो. परंतु एकच मोठी फाइल उतरवून घ्यावयाची असेल तर ती एकाच जोडणीवरून, तिच्याच वेगाने येते. दोन जोडण्यांचा वेग खरोखर एकत्र करावयाचा तर पलीकडील टोकालाही तशीच व्यवस्था लागते.

भारविभागणीत आणखी एक अडचण संभवते. बँकेच्या संकेतस्थळावर प्रवेश करताना एका जोडणीचा पत्ता आणि पुढच्याच क्षणी दुसऱ्या जोडणीचा पत्ता दिसला, तर सुरक्षिततेसाठी ते संकेतस्थळ वापरकर्त्यास बाहेर काढू शकते. म्हणून बँकेचे व कराचे काम एकाच जोडणीला बांधून ठेवण्याची सोय राउटरमध्ये असावी. कार्यालय लहान असेल तर एक जोडणी मुख्य व दुसरी राखीव, ही साधी रचनाच पुरेशी होते.

जोडणी गेली, हे राउटरला कळते कसे?

हा प्रश्न खरेदीच्या वेळी क्वचितच विचारला जातो. कार्यालयातील प्रकाशतंतूच्या पेटीपासून राउटरपर्यंतची तार शाबूत असेल तर राउटरचा दिवा हिरवाच राहतो. सेवा मात्र गावाबाहेर तुटलेली असते. जो राउटर केवळ तारेवरून अंदाज बांधतो, तो अशा वेळी राखीव जोडणीकडे वळत नाही. म्हणून इंटरनेटवरील दूरच्या ठिकाणाकडे ठराविक सेकंदांनी विचारणा करून उत्तर येते की नाही, हे तपासणारा राउटर घ्यावा. अशी निदान दोन ठिकाणे नेमता यावीत, म्हणजे त्यांपैकी एक ठिकाण स्वतःच बंद पडले तरी गैरसमज होणार नाही.

व्हीपीएनची पद्धत

व्हीपीएनच्या अनेक पद्धती प्रचलित आहेत. पीपीटीपी ही १९९० च्या दशकातील पद्धत आजही काही यंत्रांत दिसते. तिच्या परवलीच्या शब्दाची सुरक्षितता भेदता येते, हे २०१२ मध्ये उघडपणे सिद्ध झाले असल्याने ती मुळीच वापरू नये. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांस जोडावयाची असतील तर आयपीसेक व त्यासोबतची आयकेई-आवृत्ती २ ही सर्वमान्य पद्धत सोयीची होय. २००१ पासून वापरात असलेली ओपनव्हीपीएन विश्वासार्ह आहे, परंतु लहान प्रक्रियकावर ती मंद चालते. वायरगार्ड ही नवी व सुटसुटीत पद्धत मार्च २०२० मध्ये लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात समाविष्ट झाली. दोन्ही टोकांना ती उपलब्ध असेल तर लहान कार्यालयास ती चांगली.

वेष्टनावर ‘१ जीबीपीएस’ असे ठळकपणे छापलेले असते. तो आकडा साध्या वाहतुकीचा असतो. कूटरूपांतराचे काम प्रक्रियकावर मोठा भार टाकते, त्यामुळे व्हीपीएनचा वेग त्याहून पुष्कळ कमी असू शकतो. माहितीपत्रकात व्हीपीएनच्या वेगाचा आकडा स्वतंत्रपणे शोधावा. एक हिशेब पाहा. रोज रात्री शाखेतून २ जीबीची राखीव प्रत मुख्य कार्यालयात पाठवावयाची आहे. व्हीपीएनचा वेग १० एमबीपीएस असेल तर त्यास सुमारे २७ मिनिटे लागतील. ५० एमबीपीएस असेल तर साडेपाच मिनिटांच्या आत काम होईल. शाखेच्या जोडणीचा पाठविण्याचा वेगही तेवढा हवा, हे उघडच आहे.

पत्त्याचा प्रश्न

शाखेने मुख्य कार्यालयाला हाक मारावयाची तर मुख्य कार्यालयाचा सार्वजनिक पत्ता ठाऊक असला पाहिजे. मोबाइल सेवेत आणि अनेक लहान सेवादारांकडे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जातो. राउटरच्या पडद्यावर बाहेरील जोडणीचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यानच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपणही त्या वाटपातले आहोत असे समजावे. अशा जोडणीवरून बाहेर हाक मारता येते. बाहेरची हाक मात्र आत येत नाही. म्हणून मुख्य कार्यालयासाठी सेवादाराकडून स्थिर पत्ता मागून घ्यावा. शाखेला त्याची गरज नाही, कारण हाक मारावयाची ती शाखेने.

येथेच बहुतेक योजना फसतात. मुख्य कार्यालयाची पहिली जोडणी गेली आणि दुसरी मोबाइलची असली, तर मुख्य कार्यालयात इंटरनेट चालू राहते, परंतु शाखा तुटतात. व्हीपीएन चालू राहावयास हवे असेल तर मुख्य कार्यालयाच्या दोन्ही जोडण्यांना स्थिर पत्ते हवेत आणि शाखेच्या राउटरमध्ये ते दोन्ही क्रमाने नोंदविता आले पाहिजेत. पलीकडचे टोक गप्प झाल्याचे ओळखून नवी जोडणी आपोआप उभारण्याची सोयही हवी.

प्रत्येक शाखेच्या अंतर्गत पत्त्यांची मालिका वेगळी ठेवावी. बहुतेक राउटर कारखान्यातून १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० या मालिकेवरच येतात. दोन शाखांत तीच मालिका राहिली, तर एकाच नावाच्या दोन गावांत टपाल जावे तसा घोटाळा होतो.

सुरक्षितता व नोंदी

राउटर हा कार्यालयाचा दरवाजा आहे. मे २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या ‘व्हीपीएनफिल्टर’ या घातक आज्ञावलीने ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणांत शिरकाव केला होता. त्यांत घरगुती व लहान कार्यालयांचे राउटर मोठ्या प्रमाणावर होते. यास्तव कंपनी सुरक्षाविषयक सुधारणा किती वर्षे देणार आहे, हे लेखी घ्यावे. कारखान्याचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. राउटरची नियंत्रणे इंटरनेटवरून उघडी ठेवू नयेत. घरून काम करणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र प्रवेश द्यावा आणि त्याने नोकरी सोडली त्याच दिवशी तो बंद करावा.

सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जतन करणे आणि निर्दिष्ट सायबर घटनांची माहिती सहा तासांच्या आत कळविणे आवश्यक आहे. लहान राउटरच्या स्मृतीत एवढ्या नोंदी मावत नाहीत. म्हणून त्या दुसऱ्या संगणकाकडे पाठविण्याची सोय असलेलाच राउटर निवडावा आणि त्याचे घड्याळ अचूक ठेवावे.

विजेचा विसर नको

दोन जोडण्या घेतल्या आणि वीज गेली, तर दोन्ही व्यर्थ. राउटर, प्रकाशतंतूची पेटी आणि स्विच ही तिन्ही उपकरणे एकाच यूपीएसवर असावीत. त्यांना मिळून साधारणपणे २५ वॅट लागत असतील, तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची नवी बॅटरी दीड ते दोन तास साथ देते. बॅटरी जुनी होईल तसा हा काळ घटतो.

शेवटची कसोटी

मी येथे कोणत्याही कंपनीचे नाव सुचविलेले नाही. बाजारातील यंत्रे दरवर्षी बदलतात. कसोट्या मात्र फारशा बदलत नाहीत. दरपत्रके मागविताना या कसोट्या त्यांत लिहून द्याव्यात आणि रक्कम अदा करण्यापूर्वी विक्रेत्यासमक्ष चाचणी घ्यावी. शाखेतील एक कर्मचारी खात्याची नोंद करीत असताना मुख्य कार्यालयातील पहिल्या जोडणीची तार काढावी आणि काम किती वेळात पूर्ववत होते, हे घड्याळ लावून पाहावे. तार परत लावल्यावर वाहतूक पहिल्या जोडणीवर परतते की नाही, तेही पाहावे. त्यानंतर प्रकाशतंतूच्या पेटीत बाहेरून येणारी तार, सेवादाराच्या तंत्रज्ञाकडून, काही काळ काढवून हीच चाचणी पुन्हा करावी. कारण त्या वेळी राउटरकडील दिवा हिरवाच असतो. ही चाचणी दर तीन महिन्यांनी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी एकदा, पुन्हा घ्यावी आणि तिची नोंद दप्तरी ठेवावी.

राखीव जोडणी ही अग्निशामक नळकांड्यासारखी असते. ती भिंतीवर टांगलेली आहे, एवढ्याने भागत नाही; वेळ येईल तेव्हा ती चालली पाहिजे. आपल्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या सभासदाला राउटर म्हणजे काय, हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याचे काम त्याच दिवशी व्हावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे आणि ती पुरी करणे आपल्या हाती आहे.