पाट्या किती, चर्च किती? रत्नागिरीच्या टिळकांपासून नागपूरपर्यंत

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली वाक्यं फारशी बदललेली नाहीत.)

सावर्ड्याहून बोलतोय. हेडफोन लावून एसटीत बसलेले असाल, नाहीतर रात्री अंथरुणात पडून ऐकत असाल, तरी चालेल. आजचा विषय ऐकायला जड वाटेल, पण ज्यांच्या घरात हा प्रश्न येतो त्यांना तो अजिबात जड वाटत नाही, त्यांना तो टोचतो.

प्रश्न असा. कोकणातली एक मुलगी किंवा मुलगा शिकायला पुण्या-मुंबईला जातो. लहानपणी गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला असतो. शहरात होस्टेलजवळ एक फेलोशिप मिळते. गाणी छान, माणसं प्रेमळ. आणि महिन्याभरात कोणीतरी हळूच म्हणतं, "तुझा तो लहानपणचा बाप्तिस्मा काही खरा नाही हं. परत घे." घरी फोन केला की आई रडते, वडील गप्प होतात. आजी म्हणते, मग आम्ही सगळे कोण होतो?

म्हणजे बघा, दोन हजार वर्षांचा चर्चचा इतिहास एका फोन कॉलमध्ये येऊन बसतो. म्हणून आज विचारायचं की एकाच ख्रिस्ताला मानणाऱ्यांच्या इतक्या पाट्या आल्या कुठून? आणि त्या उतरवायचा प्रयत्न कोणी केला का? केला. आपल्याच मातीतल्या माणसांनी केला.

पाट्या आल्या कुठून

सावर्डे स्टेशनवर उभं राहा. एक गाडी मडगावकडे जाते, दुसरी मुंबईकडे. कोकणातला ख्रिस्ती इतिहाससुद्धा साधारण याच दोन टोकांकडून आला. दक्षिणेकडून कॅथलिक. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, त्यांच्यामागून पाद्री आले. त्यातलेच एक फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज. त्यांनी लिहिलेलं मराठी 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापलं गेलं. ओवीबद्ध, आपल्या पुराणांच्या धाटणीचं.

उत्तरेकडून प्रॉटेस्टंट. 1813 मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. 1823 मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर. पुढे मुंबईत ज्यांच्या नावाने विल्सन कॉलेज झालं ते जॉन विल्सन 1829 मध्ये आले आणि मराठी शिकायला आधी हर्णैला राहिले.

पुढे मिशनांनी आपापसात समजुतीने प्रदेश वाटून घेतले. तू तिकडे, मी इकडे, उगाच स्पर्धा नको. हेतू वाईट नव्हता. पण परिणाम काय झाला? अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, तिथल्या गावातला माणूस ख्रिस्ती झाला की तो अमेरिकन मिशनचा, म्हणजे काँग्रिगेशनल. कोल्हापूरकडचा प्रेसबिटेरियन. त्याने पंथ निवडला नव्हता. तो ज्या तालुक्यात जन्मला, तो तालुका ज्या मिशनच्या वाट्याला आला, तोच त्याचा पंथ. आपल्याकडे पंथ पिनकोडवरून ठरला.

आता यातला सगळ्यात विचित्र किस्सा. 1843 साली स्कॉटलंडचं चर्च फुटलं. भांडण कशावरून? गावच्या चर्चमध्ये पाळक कोण हे जमीनदाराने ठरवायचं की मंडळीने, यावरून. आता मुंबईत कुठला स्कॉटिश जमीनदार? पण फूट इथेही पोचली. जॉन विल्सन फ्री चर्चच्या बाजूने गेले आणि त्यांच्या संस्थेसाठी बांधलेली नवी इमारत त्यांना सोडावी लागली. तिथल्या मराठी विश्वासणाऱ्यांचा त्या वादाशी काडीचा संबंध नव्हता. तरी ते एका रात्रीत 'फ्री चर्चवाले' झाले. स्कॉटलंडमधली ती फूट मोठ्या प्रमाणावर सांधली गेली 1929 मध्ये. शहाऐंशी वर्षं! तोवर इथे तीन पिढ्या त्या पाटीखाली वाढल्या.

"मी कुठल्या चर्चची नाही"

या सगळ्याला पहिला ठणठणीत प्रश्न विचारला एका मराठी बाईने. पंडिता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे त्यांनी अँग्लिकन पद्धतीने बाप्तिस्मा घेतला. सगळ्यांना वाटलं, चला, आता या आपल्या झाल्या. पण रमाबाई संस्कृत शास्त्रांमध्ये मुरलेल्या. एका पुरोहितशाहीतून बाहेर पडून दुसरीत जाऊन बसणार थोड्याच होत्या? त्यांना गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा मोठा पत्रव्यवहार झाला. त्रैक्याचा सिद्धांत, श्रद्धेची अधिकृत सूत्रं, चर्चचा अधिकार, सगळ्यावर वाद. रमाबाईंचा मुद्दा साधा होता: मी ख्रिस्ताला मानलंय, तुमच्या प्रत्येक नियमाला नाही.

पुढे केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं तेही कुठल्या एका पंथाच्या पाटीखाली नाही. आणि शेवटची अनेक वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. 1922 मध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम पूर्ण होत आलं होतं. का केलं असेल? माझं मत असं की, साध्या बाईला स्वतः वाचता आलं तर तिला कोणी "तू आमची का त्यांची" असं विचारून घाबरवू शकत नाही.

टिळकांचा दरबार

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. नारायण वामन टिळक. 'फुलांमुलांचे कवी' म्हणून शाळेत भेटलेले. जन्म 1861, करजगाव, जिल्हा रत्नागिरी. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि तो गोऱ्या मिशनऱ्याकडून न घेता भारतीय पाळकाकडून घेतला. नंतर अहमदनगरला अमेरिकन मिशनमध्ये काम. मराठी चर्चमध्ये आज जी गाणी म्हणतात त्यातली कितीतरी त्यांची. विलायती चाली बाजूला ठेवून अभंग, ओवी, भजन चर्चमध्ये आणलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती.

पण मला आज सांगायचंय ते 1917 बद्दल. त्या वर्षी टिळकांनी मिशनची नोकरी, मिशनचा पगार सोडला. साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. कल्पना काय? ख्रिस्ताच्या शिष्यांचा एक बंधुवर्ग, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही असतील.

थांबा, हे नीट ऐका. त्या काळी बाकीचे लोक विचारत होते, काँग्रिगेशनल आणि अँग्लिकन एकत्र बसू शकतील का? टिळकांनी त्याच्या पुढचा प्रश्न विचारला. जो माणूस ख्रिस्तावर मनापासून प्रेम करतो, पण घर, जात, आईबाप सोडून पाण्यात उतरू शकत नाही, तो आपला का नाही? अनेक मिशनरींना आणि मराठी ख्रिस्ती लोकांनाही हे पटणं अवघड होतं, आणि त्यांचंही काही चूक नव्हतं. ज्यांनी बाप्तिस्म्यासाठी घरदार गमावलं, त्यांना वाटणारच की आमच्या किमतीचं काय? टिळकांनी स्वतः ती किंमत मोजली होती. पत्नी लक्ष्मीबाईंपासून काही वर्षं ताटातूट झाली होती. म्हणजे हा माणूस सोपी वाट सुचवत नव्हता.

दरबार फार टिकला नाही, कारण टिळकच टिकले नाहीत. 9 मे 1919 ला मुंबईत ते गेले. योगायोग बघा. त्याच महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत तिकडे तमिळनाडूत त्रांकेबार इथे काही पाळक जमले होते, त्यात जवळजवळ सगळे भारतीय. बिशप अझरया त्यांच्यात प्रमुख. त्यांनी निवेदन काढलं. त्याचा आशय असा की, ही फाटाफूट आम्ही केलेली नाही, ती बाहेरून आमच्यावर आली, आणि ती आम्हाला दुबळं करते. तिथून चाललेल्या वाटेवर 1947 मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया झालं.

नागपूर, 29 नोव्हेंबर 1970

उत्तरेत वेळ जास्त लागला. 1924 मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या. 1929 पासून मोठ्या ऐक्याची बोलणी सुरू झाली. आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्च मिळून एक झालं: चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, सीएनआय. अँग्लिकन, ते 1924 चं संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट.

चाळीस वर्षं कशात गेली? मुख्य दोन गाठी होत्या.

पहिली गाठ बिशपची. अँग्लिकन म्हणणार, बिशपने डोक्यावर हात ठेवल्याशिवाय पाळक कसा होईल? प्रेसबिटेरियन म्हणणार, म्हणजे आमचे आजवरचे पाळक खोटे? दक्षिणेत तोडगा काढला: आहेत ते सगळे पाळक मान्य, यापुढचे बिशपकडून. उत्तरेत वेगळा काढला: सुरुवातीलाच सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. कोणी कोणाला देतंय, कोण घेतंय, हे देवावर सोडायचं. मला हे फार आवडतं. आपल्या घरच्या भांडणात आपण हेच करत नाही. आपल्याला आधी ठरवायचं असतं की माफी कोणी कोणाची मागितली.

दुसरी गाठ बाप्तिस्म्याची. बॅप्टिस्ट म्हणतात, समज आल्यावर स्वतः विश्वास कबूल केला तरच. बाकीचे म्हणतात, आईबापांच्या विश्वासावर बाळालाही. तोडगा असा की दोन्ही रीती एकाच चर्चमध्ये शेजारी शेजारी चालतील. कोणी बाळाला बाप्तिस्मा देईल, कोणी बाळाला फक्त देवाला अर्पण करेल आणि मोठेपणी बाप्तिस्मा होईल. पण एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नाही. होस्टेलमधल्या त्या मुलीच्या प्रश्नावर मोठमोठ्या माणसांनी चाळीस वर्षं घालवलीत, एवढं तरी तिला कोणीतरी सांगायला हवं.

आता गोड गोड शेवट करणार नाही. अमेरिकन परंपरेचं मेथडिस्ट चर्च बोलणीत शेवटपर्यंत होतं, आणि ऐन 1970 मध्ये बाजूला झालं. ते आजही वेगळं आहे. गुजरातेत ब्रदरेन चर्चमधल्या एका गटाने म्हटलं, आम्ही विलीन झालोच नाही. इमारती, जमिनी, ट्रस्ट, सगळं कोर्टात. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एकत्र येण्याचा ठराव झाला असेल, पण नोंदणीकृत संस्था विलीन करण्याची कायद्याची रीत पाळली गेली नाही, म्हणून ते विलीनीकरण कायद्याने झालेलं नाही.

यातून काय शिकायचं? नागपुरात हात डोक्यावर ठेवले, पण सातबारा तसाच राहिला. ऐक्य प्रार्थनेतही व्हावं लागतं आणि कागदावरही. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. भाऊ-भाऊ गणपतीला एकत्र जेवतात आणि सोमवारी तारखेला कोर्टात जातात.

मोठं ऐक्य आणि लहान ऐक्य

कॅथलिक बाजूला 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्याबद्दलचा जाहीरनामा काढला. तोवर दुसऱ्या चर्चच्या प्रार्थनेला जाणं म्हणजे मोठी गोष्ट होती. त्यानंतर दारं किलकिली झाली. पुण्यात शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे. त्याचं मूळ जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्याने 1922 मध्ये सुरू केलेल्या ख्रिस्त सेवा संघात. याच विन्स्लोंनी टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. 1972 पासून त्या आश्रमात कॅथलिक आणि अँग्लिकन सिस्टर एकत्र राहू लागल्या. एक स्वयंपाकघर, एक प्रार्थना. त्यातल्या अँग्लिकन सिस्टर कुठल्या संघाच्या? वाँटेजच्या. जिथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि वाद घातला, तिथल्याच.

पण एक पाटी अशी आहे जी स्कॉटलंडहून आली नाही, रोमहून आली नाही. ती आपली आहे. जात. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये सोवळंओवळं आपल्या मनातून कसं टप्प्याटप्प्याने गेलं ते लपवाछपवी न करता सांगितलंय. सहा चर्चचं एक चर्च होऊ शकतं, पण लग्न जुळवताना "मूळचे कुठले?" हा प्रश्न आजही येतो, आणि त्याचा अर्थ गाव नसतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पाट्यांच्या ऐक्यावर तासभर बोलून या प्रश्नावर गप्प बसलो, तर आपण सोपं तेवढं बोललो असं होईल.

मग त्या मुलीने काय करावं?

मी पाळक नाही, निर्णय मी देणार नाही. पण तीन गोष्टी सांगेन.

एक. "तुझा बाप्तिस्मा खोटा" असं जो म्हणतो, त्याला विचार की माझ्या आजीचा विश्वासही खोटा का? तो लगेच "हो" म्हणाला, तर जरा सावध राहा.

दोन. त्या फेलोशिपमध्ये तुला खरोखर काही मिळालं असेल, तर ते नाकारू नकोस. गावच्या चर्चमध्ये जे मिळालं नाही ते तिथे मिळालं, हे गावच्या चर्चनेही ऐकायला हवं. आम्हा घरच्यांनाही फक्त रडून चालणार नाही. "तिथे काय आवडलं?" असं विचारायला हवं.

तीन. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशू आपल्या माणसांसाठी प्रार्थना करतो की ते सगळे एक व्हावेत. जगाने ते बघून विश्वास ठेवावा म्हणून. आज रात्री तो अध्याय फोनवर उघडा आणि शांतपणे वाचा. ही प्रार्थना अटकेच्या आदल्या काही तासांतली आहे. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस जे मागतो, ते त्याला सगळ्यात महत्त्वाचं असतं.

दरवर्षी 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठीचा प्रार्थना सप्ताह असतो. या वेळी एक करा. आपलं सोडून दुसऱ्या चर्चमध्ये एकदा जाऊन मागच्या बाकावर बसा. कॅथलिक असाल तर सीएनआयमध्ये, सीएनआयचे असाल तर मिस्साला, नाहीतर फेलोशिपमध्ये. ख्रिस्ती नसाल तरी या, टिळकांच्या दरबारात तुम्हालाही जागा होतीच. वाद घालायला जाऊ नका. टिळकांचं एखादं गाणं लागलं, तर सोबत म्हणा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.